बादलीभर गरम पाण्याचा हिशोब

हिवाळ्यातल्या सकाळी पुण्या-नाशिककडे नळाला येणारं पाणी साधारण २० अंशांचं असतं, आणि अंघोळीला ते ४० अंशांच्या आसपास लागतं. १५ लिटरची बादली २० अंशांनी तापवायला किती वीज लागेल? एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते, हे आपण शाळेत शिकलेलं असतं. गुणाकार केला की उत्तर येतं १,२६० किलोज्यूल, म्हणजे ०.३५ युनिट. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा जवळजवळ ३९ तास जळतो.

पर्यावरणाची काळजी म्हणून घरात जे काही बोललं जातं, त्यातलं बरंचसं दिव्यांबद्दल असतं. ‘खोलीत कोणी नाही, दिवा का चालू?’ हे वाक्य प्रत्येक घरात दिवसातून एकदा तरी ऐकू येतं. दिवा बंद करायलाच हवा, पण त्या वाक्याचं वजन ६० वॅटच्या बल्बच्या काळातलं आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे देशभर गेले. त्यामुळे दिव्यांवर होणारा खर्च पूर्वीच्या सहाव्या-सातव्या हिश्शावर आला. आज मध्यमवर्गीय घरात ऊर्जा जाते ती मुख्यतः तापवण्यात आणि थंड करण्यात: अंघोळीचं पाणी, स्वयंपाक, इस्त्री, फ्रिज, एसी. म्हणून रोजच्या सवयी बदलायच्या असतील, तर सुरुवात बटणांपासून करण्यापेक्षा उष्णतेपासून करावी, असं मला ठामपणे वाटतं. कष्ट तेवढेच पडतात, फळ मात्र कितीतरी जास्त मिळतं.

चार माणसांच्या घरात एकेक बादली धरली तरी रोजचे १.४ युनिट होतात आणि महिन्याचे ४२. आपल्याकडे वीज मुख्यतः चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी अशा ठिकाणच्या कोळशावरच्या केंद्रांतून येते आणि एका युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. एका घराच्या महिन्याभराच्या अंघोळीमागे वीस किलोंहून अधिक कोळसा उभा आहे. शिवाय या केंद्रांना पाणी लागतं, तेही भरपूर. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. ज्या मराठवाड्यात लोक टँकरची वाट पाहत होते, तिथेच वीज बनवण्यासाठीही पाणी उरलं नव्हतं. वीज वाचवणं आणि पाणी वाचवणं या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

यात आणखी एक अडचण आहे. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश भागाची वीज होते. बाकीची धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून निघून जाते. म्हणजे आधी उष्णतेपासून वीज करताना दोन हिस्से गमवायचे आणि मग त्याच विजेची घरी पुन्हा उष्णता करायची. पंखा, दिवा, संगणक यांची कामं विजेशिवाय होत नाहीत. पाणी तापवण्याचं काम मात्र ऊन फुकट करून देतं. सोलर वॉटर हीटरला आपल्या हवेत वर्षातले आठ-नऊ महिने भरपूर ऊन मिळतं, आणि १०० लिटरचा एक संच वर्षाला सुमारे १,५०० युनिटपर्यंत वीज वाचवतो. पुणे महापालिका सोलर, पावसाच्या पाण्याची साठवण आणि गांडूळखत यांसाठी मिळकतकरात सवलत देते. सोसायटीच्या सभेत रंगकामावर तासभर चर्चा होते, त्यातली पंधरा मिनिटं या विषयाला दिली तरी पुरे. ज्या घरांत सोलर आहे, तिथे सकाळी नळ सोडल्यावर गच्चीपासून खालपर्यंतच्या पाइपमधलं गार पाणी आधी येतं. ते मोरीत सोडून न देता बादलीत धरलं, तर कपडे भिजवायला आणि फरशी पुसायला रोज पुरतं.

सोलर शक्य नसेल, तर गिझरचं वेळापत्रक बसवावं. टाकीच्या गिझरचं बटण तासन्‌तास चालू राहिलं, तर आतलं पाणी निवत राहतं आणि पुन्हापुन्हा तापत राहतं. कोणी वापरलं नाही तरी वीज जातच असते. अंघोळीच्या थोडं आधी बटण लावून घरातल्या सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरकल्या, तर हा फुकटचा खर्च बहुतेक संपतो. आणि बादलीची सवय मोडू नये. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं. पाच मिनिटांत तीन बादल्या होतात. आधुनिक न्हाणीघर करताना बादली ठेवायला जागाच न सोडणं हा मला शुद्ध अविचार वाटतो. गॅसचा गिझर ऊर्जेच्या हिशोबात विजेच्या गिझरपेक्षा सरस पडतो, कारण तिथे उष्णता थेट पाण्याला मिळते. पण बंद न्हाणीघरात तो बसवणं जिवावर बेततं. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. असा गिझर न्हाणीघराच्या बाहेरच, मोकळ्या हवेत बसवला पाहिजे. बचतीसाठी याबाबत तडजोड करू नये.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण उष्णतेचा दुसरा मोठा खर्च तिथे आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळल्यावर हवेत सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड जातो. १४ किलोंमधून ४२ किलो कसे निघाले, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. जळताना गॅसमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन स्वतःला जोडून घेतो, त्या ऑक्सिजनचं वजन यात मिळतं. शिवाय देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस जहाजांनी बाहेरून येतो. म्हणून शेगडीवरच्या ज्योतीकडे थोडं बारकाईने पाहिलं पाहिजे.

स्वयंपाकातली सगळ्यात मोठी उधळपट्टी एका गैरसमजातून होते: आच जास्त, तर अन्न लवकर शिजतं. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या वर तापतच नाही. एकदा उकळी फुटली की खालची आच दुप्पट केली तरी आतलं तापमान तेवढंच राहतं, बटाटा तेवढ्याच वेळात शिजतो. वाढते ती फक्त वाफ. आणि वाफ भारी महाग असते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. तेच एक लिटर वाफ होऊन उडून जायला लागतात जवळजवळ २,२६०, म्हणजे सातपट. खळखळ उकळणाऱ्या उघड्या पातेल्याखालचा गॅस मुख्यतः स्वयंपाकघराची हवा ओली करण्यात जातो. उकळी आली की आच मंद करायची आणि झाकण ठेवायचं, या दोन गोष्टी एवढ्या साध्या आहेत की कोणी त्यांना पर्यावरणाचं काम म्हणत नाही. पण रोज दोन वेळा, वर्षभर, त्या खऱ्या अर्थाने सिलिंडर वाचवतात.

कुकरचं तत्त्वही यातलंच. आतला दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि त्या वाढीव तापमानात डाळ झपाट्याने शिजते. आपल्याकडे मात्र स्वयंपाकाचं मोजमाप शिट्ट्यांत होतं: भाताला तीन, डाळीला चार, छोल्यांना सात. शिट्टी हे शिजण्याचं माप नाही. दाब गरजेपेक्षा जास्त झाला, त्यामुळे कुकरने वाफ बाहेर टाकली, एवढाच तिचा अर्थ. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून घड्याळ लावलं, तर आतला दाब टिकून राहतो आणि एकही जादा शिट्टी न होता डाळ मऊ होते. बारीक आचेवर किती मिनिटं, हे घरातला कुकर, डाळ आणि पाणी यांवर ठरतं. दोन-चार दिवसांत हात बसतो. कुकरच्या डब्यांत खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा भोपळ्याच्या फोडी रचण्याची आपली पद्धत उत्तम आहे. एकाच वाफेत तीन पदार्थ शिजवणारी ही रचना कोणत्याही महागड्या उपकरणाला हार जाणार नाही.

त्याच्या आधीची पायरी म्हणजे भिजवणं. छोले, राजमा, वाल, मटकी भिजवतोच आपण. पण तूर, मूग, हरभऱ्याची डाळ आणि तांदूळही अर्धा-पाऊण तास भिजवले, तर शिजण्याचा वेळ लक्षणीय कमी होतो. पाण्याने आत शिरण्याचं निम्मं काम चूल न पेटवता झालेलं असतं.

पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये, ‘सराई कुकर’ नावाची एक सुंदर गोष्ट तयार झाली. एकावर एक डबे, तळाशी थोडं पाणी, खाली छोट्याशा शेगडीत मूठ-दोन मूठ कोळसा आणि बाहेरून उष्णता अडवणारं एक आवरण. कोळसा पेटवून निघून जायचं. वाफेवर कुटुंबाचं जेवण शिजून तयार. शंभर-दीडशे ग्रॅम कोळशात पाच माणसांचा स्वयंपाक होतो. त्यामागचं तत्त्व गॅसवरही वापरता येतं. भाताला उकळी आली, पाच-सात मिनिटं तो शिजला, की घट्ट झाकणासह पातेलं जाड गोधडीत किंवा जुन्या चादरींत गुंडाळून ठेवावं. अर्ध्या-पाऊण तासात भात आपोआप पूर्ण होतो. मात्र तो गरम असतानाच खावा. कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवला तर जंतूंना फावतं.

जुनं ते सगळं पर्यावरणाला धरून होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यापर्यंत पोचतो, आणि तिच्या धुराने कित्येक पिढ्यांतल्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसं खराब केली. अंघोळीच्या बंबालाही लाकूडच लागायचं. आजीच्या स्वयंपाकघरातून आपण झाकण, भिजवणं आणि डब्यांची उतरंड घ्यावी; धूर घेण्याचं कारण नाही.

शिजवलेलं अन्न वाया गेलं, तर त्यामागची ही सगळी उष्णता वाया जातेच, पण शेतातलं पाणी, खत, मजुरी आणि ट्रकचं डिझेलही जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार भारतातल्या घरांमध्ये वर्षाला माणशी सुमारे ५५ किलो अन्न फेकलं जातं, त्यात साली-बियाही आल्या. बऱ्याच श्रीमंत देशांपेक्षा हा आकडा कमी आहे. त्याचं श्रेय मी फोडणीच्या भाताला, कुस्कऱ्याला आणि उरलेल्या आमटीत मळलेल्या थालीपिठाला देते. दोडक्याच्या शिरांची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या घातलेलं वाटण, कलिंगडाच्या पांढऱ्या गराचं थालीपीठ हे पदार्थ काटकसरीतून जन्मले, आणि चवीमुळे टिकले. नव्या घरांत हे मागे पडतंय, कारण भाजी आठवड्याची एकदम येते आणि फ्रिजच्या तळच्या कप्प्यात विसरली जाते. उपाय कंटाळवाणा आहे पण हमखास चालतो: बाजारात जाण्याआधी फ्रिज उघडून पाहणं, आणि आठवड्यातला एक दिवस आहे त्यातच भागवणं.

तरीही साली, देठ, चहाचा चोथा, नारळाची शेंडी उरणारच. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग असा ओला असतो, आणि घराबाहेर पडल्यावर सगळ्यात जास्त त्रास तोच देतो. डेपोवर कचऱ्याचे थर एकमेकांवर दाबले गेले की आत हवा शिरत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू मग अन्न कुजवतात आणि मिथेन बाहेर टाकतात. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, आणि वीस वर्षांच्या हिशोबात सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. तो पेटतोही, मुंबईत देवनारच्या डेपोला २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता.

याची किंमत कोण देतं, हेही पाहिलं पाहिजे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, आणि गावकऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. २०१८ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या औरंगाबादजवळ नारेगाव परिसरातल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरातल्या रस्त्यांवर ढीग साचले. त्या गावांची मागणी चुकीची नव्हती. शहरातल्या लाखो घरांनी ओलं आणि सुकं एकाच पिशवीत बांधलं, म्हणून त्यांच्या दारात डोंगर उभे राहिले. कायद्याने तर २०१६ च्या घनकचरा नियमांपासून प्रत्येक घराला कचरा वेगळा करून देणं बंधनकारक आहे.

वेगळं केलं की काय होतं, हे वेंगुर्ल्यात पाहता येतं. सिंधुदुर्गातल्या या छोट्या नगरपालिकेने घराघरांतून वर्गीकरण करून कचरा गोळा केला, ओल्यापासून खत आणि गॅस केला, आणि कचरा डेपोच्या जागी लोक मुद्दाम बघायला येतील असं ठिकाण उभं केलं. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली, आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली. २००८ पासून महापालिकेबरोबरच्या करारानुसार तिचे सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात. त्यांच्या हातातून आपला कचरा जातो, ही गोष्ट एकदा मनात ठसली की पिशवी बांधण्याची रीत बदलते. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्यायची. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढायचा. ही खूण ‘स्वच्छ’च्या कचरावेचकांनीच लोकांना शिकवली. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून दिली तर तिला भंगारात चांगला भाव येतो, आणि ती उघडताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, चिकटलेलाच ठेवायचा. सुटलेला इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. तो गटारात किंवा नदीत जातो.

ओल्या कचऱ्याचं खत घरातच करणं ही माझ्या मते सगळ्यात मोलाची सवय. फ्लॅटच्या गॅलरीतही ते जमतं. दोन जुन्या बादल्या घ्याव्यात, बाजूंना आणि तळाला भोकं पाडावीत, खाली ताटली ठेवावी. तळाशी वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या भुशाचा चार बोटं थर. मग रोजच्या साली बारीक चिरून टाकायच्या आणि त्यांच्याएवढाच, किंवा थोडा जास्त, सुका पालापाचोळा वर पसरायचा. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक घातलं की जिवाणूंचं काम लवकर सुरू होतं. एक बादली भरली की ती झाकून बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. आठवड्यातून एक-दोनदा हलवायचं. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं खत मिळतं.

हे का घडतं, ते कळलं की चुका स्वतःच दुरुस्त करता येतात. जिवाणूंना कार्बन ऊर्जेसाठी लागतो आणि नायट्रोजन शरीर बांधण्यासाठी. २५ ते ३० भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन, हे त्यांचं आवडतं प्रमाण. भाजीच्या सालींत नायट्रोजन जास्त, वाळक्या पानांत कार्बन जास्त, म्हणून दोन्हींचं मिश्रण करायचं. घाण वास आला, तर बादलीत पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे असं समजावं. सुका भर घालून ढवळलं की दोन दिवसांत वास जातो. मूठ दाबल्यावर पाणी ठिबकलं तर फार ओलं, मूठ उघडल्यावर गोळा फुटून गेला तर फार कोरडं. पांढरी बुरशी दिसली तर काम नीट चालू आहे. जाडसर करड्या अळ्या झाल्या तर बहुतेक वेळा त्या काळ्या सैनिकमाशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. पहिल्यांदा पाहिल्यावर किळस वाटणं स्वाभाविक आहे आणि पुष्कळ घरांतला प्रयोग नेमका इथेच थांबतो, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. चिलटं झाली तर वरचा सुका थर जाड करावा. तेलकट उष्टं, मांस, हाडं मात्र गॅलरीतल्या बादलीत टाकू नयेत.

तयार झालेल्या खताचं काय करायचं, हा प्रश्न श्री. अ. दाभोळकरांनी फार पूर्वी उलटा करून विचारला होता: घरात रोज एवढं खाद्य तयार होत असताना माती विकत का आणायची? द्राक्षशेतीतल्या प्रयोगांमुळे ओळखल्या जाणाऱ्या दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’शी जोडलेल्या लोकांनी गच्च्यांवर उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा यांच्यावर भाज्या आणि फळं पिकवून दाखवली. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक आजही गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वाचण्याजोगं आहे. ज्यांच्याकडे अंगण किंवा मोकळी गच्ची आहे, त्यांना आनंद कर्वे यांचा आणखी एक प्रयोग उपयोगी पडेल. गोबरगॅसला शेणच लागतं असं सगळे धरून चालले होते. कर्व्यांनी विचार केला की गायीच्या पोटाने सगळं सत्त्व काढून घेतल्यावर जे उरतं, ते आपण या जिवाणूंना घालतो. त्यापेक्षा त्यांना सरळ खरकटं, खराब पीठ, सडकी फळं का घालू नयेत? शेणापासून गॅस व्हायला कित्येक आठवडे लागतात, तर पिष्टमय खरकट्यापासून तो दिवसाभरात मिळू लागतो, आणि लागतंही अगदी थोडं. या छोट्या संयंत्राला २००६ साली ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

पाण्याबद्दल एकाच गोष्टीवर थांबते, कारण ती घरोघरी आहे आणि तिच्याबद्दल बोललं जात नाही: आरओचं यंत्र. क्षार काढताना हे यंत्र प्यायच्या प्रत्येक लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी नळीतून बाहेर सोडतं. बोअरचं पाणी खारट असेल, तर त्याला पर्याय नाही. पण मुंबई-पुण्याचं महापालिकेचं पाणी सह्याद्रीच्या बेसॉल्टवरून वाहून धरणांत साठलेलं पावसाचं पाणी आहे. त्यात क्षार मुळात कमी असतात. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील, तिथे आरओवर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता. तिथे साधा गाळण-फिल्टर आणि अतिनील किरणांचं यंत्र, किंवा सरळ उकळणं पुरतं. बाजारात मिळणाऱ्या, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या छोट्या टीडीएस मीटरने आपल्या नळाचं पाणी एकदा मोजून पाहावं. आरओ ठेवणं भागच असेल, तर बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून फरशी आणि संडासासाठी वापरावं. कुंड्यांना नको, क्षार मातीत साचतात.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंदी आणली आणि घरोघरी कापडी पिशव्या जमल्या. प्रदर्शनात, लग्नात, दुकानात फुकट मिळालेल्या वीस-पंचवीस पिशव्या कपाटात असतील, तर मात्र त्यातून काही साधलं नाही. कापूस पिकवायला भरपूर पाणी लागतं, आणि नवी कापडी पिशवी प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा सरस ठरण्यासाठी ती अनेक वेळा वापरली जावी लागते. जुन्या साडीची किंवा पँटच्या पायाची शिवलेली पिशवी उत्तम, आणि अशा दोन पुरतात. कपडे दांडीवर उन्हात वाळवण्याची आपली सवय तर जपण्यासारखीच आहे. अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांत ड्रायर येतो, आणि तो एका फेरीला दोन ते चार युनिट वीज घेतो; तिथल्या काही वसाहतींत बाहेर दोरी बांधायलाच मनाई असते, पण घरातल्या घरात घडीच्या स्टँडवर कपडे वाळवायला कोणाची आडकाठी नसते.

गारव्याचा हिशोब उष्णतेसारखाच. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. रोज १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. जुना पंखा बिघडेल तेव्हा हा घ्यावा; सर्वांत जास्त चालणारा, म्हणजे बहुधा झोपायच्या खोलीतला, आधी बदलावा. एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतील अशीच सोय सक्तीची झाली आहे. २६ अंश आणि सोबत हळू फिरणारा पंखा, ही जोडी बहुतेकांना पुरेशी होते. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांधलेला वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा आतल्या जाड पडद्यापेक्षा जास्त कामाचा असतो, कारण ऊन काचेच्या अलीकडे आलं की उष्णता आत आलेलीच असते.

आपल्या घरात नेमकं काय जास्त खातं, हे ओळखण्याचं साधन दाराबाहेरच्या मीटरमध्ये आणि त्याच्या बिलात आहे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराच्या उभ्या पट्ट्या छापलेल्या असतात. पंख्या-एसीचे महिने आणि गिझरचे महिने त्यात लगेच वेगळे दिसतात. त्याहून बारीक पाहायचं असेल, तर इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. ३,२०० हा पुष्कळ मीटरवर दिसतो. घरातली एकेक वस्तू चालू-बंद करून मिनिटाला किती वेळा लुकलुकतो हे मुलांना मोजायला सांगावं. रात्री सगळं बंद करून फ्रिजचंही बटण पाच मिनिटं काढलं आणि तरी दिवा लुकलुकत राहिला, तर काहीतरी चोरून चालू आहे. बहुतेक घरांत तो टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स निघतो. रिमोटने बंद केल्यावरही तो जवळपास तेवढीच वीज घेत असतो. १० वॅट धरले तरी वर्षाला ८७-८८ युनिट होतात. त्याचं बटण भिंतीवरूनच बंद करावं लागतं.